एकाच सर्व्हरला बांधलेलं डोमेन

लॉगिनला वेळ लागतोय, ग्रुप पॉलिसी उतरत नाही, नाशिकचा पीसी मुंबईच्या डोमेन कंट्रोलरकडे जातोय, अशी तक्रार आली की आमच्या व्यवसायातले जाणते लोक एकच औषध सांगतात : क्लायंटला सर्व्हर नेमून द्या. होस्ट्स फाइलमध्ये नाव-पत्ता लिहा, रजिस्ट्रीत साइटचं नाव ठोका, लिनक्स असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये एकाच सर्व्हरचं नाव टाका आणि मोकळे व्हा. हा सल्ला देणारे अडाणी नसतात, पंचाईत तीच आहे. त्यांनी वर्षानुवर्षं सर्व्हर सांभाळलेले असतात, मध्यरात्रीचे फोन घेतलेले असतात, आणि त्यांचा उपाय त्या दिवसापुरता लागूही पडतो. तरीही तो चुकीचा आहे. अपवाद आहेत, त्यांच्याकडे शेवटी येतो. पण अपवादाचा नियम केल्यामुळे कित्येक कंपन्यांत तीन-तीन डोमेन कंट्रोलर विकत घेऊनही सगळा डोलारा एकावरच उभा असतो, आणि हे कुणाच्या गावीही नसतं.

सल्ला आला कुठून, ते आधी पाहू. नोव्हेल नेटवेअरच्या काळात वर्कस्टेशनवरच्या नेट डॉट सीएफजी फाइलमध्ये ‘प्रिफर्ड सर्व्हर’ अशी ओळ लिहायची पद्धत होती. ती नसली तर क्लायंट नेटवर्कवर हाळी देई आणि जो सर्व्हर आधी ओ देईल त्याच्याकडे जाई. मग एनटी आलं. १९९६ सालच्या एनटी ४ मध्ये एक प्रायमरी आणि बाकीचे बॅकअप कंट्रोलर असत. दुसऱ्या सबनेटमधला कंट्रोलर सापडावा म्हणून एक तर विन्स चालवा, नाहीतर एलएमहोस्ट्स फाइलमध्ये पत्ता लिहून पुढे डोमेनचा शेरा मारा. त्या काळी सर्व्हर नेमून देणं शहाणपणाचंच होतं. जवळचा कोण आणि लांबचा कोण, हे क्लायंटला कळायची सोयच नव्हती.

ती सोय फेब्रुवारी २००० मध्ये आली. त्या एकाच महिन्यात विंडोज २००० बाजारात आलं आणि डीएनएसमधल्या एसआरव्ही नोंदींचं सुधारित मानक आरएफसी २७८२ म्हणून प्रसिद्ध झालं. त्या मानकाच्या तीन लेखकांपैकी एक, लेव्हॉन एसिबोव्ह, मायक्रोसॉफ्टमधले. सेवा कुठल्या यंत्रावर आहे, कुठल्या पोर्टवर आहे, यंत्रं अनेक असतील तर आधी कुणाकडे जायचं आणि भार कसा वाटायचा, हे सगळं एका नोंदीत सांगता येऊ लागलं. अॅक्टिव्ह डिरेक्टरी त्यावरच उभी राहिली. म्हणजे आज जो सल्ला अनुभवाचे बोल म्हणून दिला जातो, त्याची गरज संपून पाव शतक उलटलं आहे.

आता क्लायंट सर्व्हर कसा शोधतो ते नीट बघा, कारण सगळा वाद इथेच मिटतो. पीसी सुरू झाला की नेटलॉगॉन सेवा डीएनएसला विचारते, या डोमेनचे कंट्रोलर कोण? यादी मिळाली की त्यातल्या कंट्रोलरना यूडीपी ३८९ वर एक छोटा एलडॅप पिंग जातो. उत्तर देणारा कंट्रोलर विचारणाऱ्याचा आयपी पाहतो, तो कुठल्या सबनेटमध्ये बसतो आणि ते सबनेट कुठल्या साइटला जोडलं आहे हे डिरेक्टरीतून काढतो, आणि सांगतो : तू नाशिक साइटचा, मी काही तुझ्या जवळचा नाही. मग क्लायंट पुन्हा डीएनएसकडे जातो, या वेळी नाशिक साइटचे कंट्रोलर मागतो, तिथल्याशी बोलणं जुळवतो आणि साइटचं नाव लक्षात ठेवतो. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. नाशिकचा कंट्रोलर बंद असेल तर तो दुसरा शोधतो. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे दर १२ तासांनी हा शोध नव्याने होतो, म्हणजे लांबच्या कंट्रोलरकडे गेलेला क्लायंट कायमचा तिकडेच अडकून पडतो ही भीतीही एक्सपीच्या जमान्यातली.

मग नाशिकचा पीसी मुंबईला जातो तो का? उत्तर वरच्या परिच्छेदातच आहे. कंट्रोलरने आयपी पाहिला आणि तो कुठल्याच सबनेटमध्ये बसला नाही. डिरेक्टरीला ही शाखा कुठे आहे हे कुणी सांगितलेलंच नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. कंट्रोलरवरच्या विंडोज फोल्डरमधल्या डीबग फोल्डरात नेटलॉगॉनची लॉग फाइल असते. ती उघडा. ‘नो क्लायंट साइट’ असा शेरा, पुढे पीसीचं नाव, पुढे त्याचा आयपी, अशा ओळींची रांग लागलेली दिसेल. इव्हेंट व्ह्यूअरमध्येही ५८०७ क्रमांकाचा इव्हेंट अधूनमधून पडत असतो : गेल्या इतक्या तासांत इतक्या क्लायंटनी संपर्क केला, पण त्यांचे आयपी कुठल्याही साइटमध्ये बसत नाहीत. सर्व्हर बिचारा ओरडून सांगतोय आणि आपण त्या पिवळ्या त्रिकोणाकडे काणाडोळा करून क्लायंटच्या होस्ट्स फाइली भरत बसलोय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

अशा एका कारखान्याचं उदाहरण देतो, नाव नको. नवीन शेड बांधली, नेटवर्कवाल्यांनी तिला नवा व्हीलॅन दिला, राउटरवर चढवला, डीएचसीपीचा स्कोप काढला. सगळं चोख. सर्व्हरवाल्यांना मात्र कळवलं नाही, कारण ते वेगळ्या मजल्यावर बसतात आणि वेगळ्या साहेबाला रिपोर्ट करतात. शेडमधले पीसी कधी शेजारच्या इमारतीतल्या कंट्रोलरकडे जात, कधी दुसऱ्या शहरातल्या. सकाळच्या शिफ्टला लॉगिन अडकायचं. देखभालीचं कंत्राट असलेल्या व्हेंडरचा माणूस आला, त्याने प्रत्येक पीसीवर नोंद मारली, तक्रार बंद केली. खरं काम काय होतं? ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’ उघडायचं, १०.४५.६.०/२४ हे सबनेट लिहायचं, साइट निवडायची, ओके. एकदाच, एकाच ठिकाणी, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक पीसीला आपोआप लागू. कोविडच्या काळात घरून काम सुरू झालं तेव्हा व्हीपीएनच्या पूलबाबत हेच घडलं. हजारो आयपींचे पूल उघडले गेले, आणि बऱ्याच ठिकाणी ते आजही कुठल्याच साइटला जोडलेले नाहीत.

आणखी एक प्रकार याहून गमतीचा आहे. विंडोज पहिलं डोमेन उभारताना आपणहून एक साइट काढून देतं. अनेक कंपन्यांत मुंबई, नाशिक, नागपूर, सगळीकडचे कंट्रोलर त्या एकाच साइटमध्ये पडून असतात. डिरेक्टरीच्या लेखी ते सगळे एकाच ठिकाणी. प्रत्येकाचं वजन १००, प्रत्येकाचा अग्रक्रम शून्य. क्लायंट त्यातला कुठलाही उचलणार आणि तो लांबचा कंट्रोलर छातीठोकपणे सांगणार की मी तुझ्या जवळचाच. यात क्लायंटचा काय दोष?

दुसरा मुद्दा असा की, हे जे ‘नेमून देणं’ म्हणतात ते बहुतेक वेळा होतही नाही. होस्ट्स फाइलमध्ये फक्त नाव आणि पत्ता लिहिता येतो. एसआरव्ही नोंद तिथे लिहायची सोयच नाही. त्यामुळे कंट्रोलर कोण, हे क्लायंट डीएनएसलाच विचारतो आणि यादीतून आपला निवडतो. तुमच्या ओळीचा उपयोग एवढाच की त्या नावाचा पत्ता गोठला. उद्या सर्व्हरचा आयपी बदलला की हा पीसी जुन्या पत्त्यावर दार ठोठावत बसणार, आणि बाकीचे पीसी ठीक चालताहेत मग हाच का नाही, म्हणून दिवस वाया जाणार.

याहून मजेशीर उपाय म्हणजे कमांड विंडोमध्ये ‘लॉगॉनसर्व्हर’ या व्हेरिएबलला दुसऱ्या कंट्रोलरचं नाव देणं. चांगल्या हुद्द्यावरच्या माणसांना मी हे मनोभावे करताना पाहिलं आहे. त्याने त्या विंडोतला मजकूर बदलतो, इतकंच. लॉगिन कुणी करून दिलं याची ती नोंद आहे. कॅश झालेल्या पासवर्डवर लॉगिन झालं असेल तर ती नोंदही शिळी असू शकते. खरी स्थिती पाहायची तर एनएलटेस्ट आहे. त्यानेच सिक्युअर चॅनल हव्या त्या कंट्रोलरवर तात्पुरतं वळवताही येतं. पण तेही अर्धंच. सिक्युअर चॅनल एका कंट्रोलरशी, केर्बेरोसचं तिकीट दुसऱ्याकडून आणि ग्रुप पॉलिसीच्या फाइली तिसऱ्याच्या सिसव्हॉलमधून, असं एकाच पीसीवर एकाच वेळी असू शकतं, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. ‘हा पीसी त्या सर्व्हरला जोडलाय’ असं आपण बोलतो खरं, पण तसा एकच धागा तिथे नसतो.

आता पलीकडच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. ते असं : आपल्याला काय कुठे जातं ते ठाऊक असायला हवं. आपोआप शोधणाऱ्या यंत्रणेवर भरवसा ठेवला की तपास कठीण होतो, नेमून दिलं की निदान कुठे बघायचं ते कळतं. ऐकायला हे पटतं. पण नेमून दिल्याने नक्की काय कळतं? तो सर्व्हर बंद पडला की कोण कोण बंद पडेल, एवढंच. रेशनकार्ड एकाच दुकानाला बांधलेलं होतं तेव्हाही धान्य कुठे मिळणार हे पक्कं ठाऊक असायचं, आणि दुकानाला कुलूप असलं की मिळणार नाही हेही.

हा भुर्दंड रोज दिसत नाही, म्हणून कुणाला खुपत नाही. तो पॅचच्या वेळी दिसतो. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात आणि कंट्रोलर रीस्टार्ट करावा लागतो. शोध नीट चालत असेल तर भर दुपारी एक कंट्रोलर रीस्टार्ट करा, कुणाला पत्ताही लागत नाही. पण हजेरीचं मशीन, स्कॅनर, फायरवॉल, ईआरपी आणि एक जुना लिनक्स सर्व्हर असे सगळे एकाच आयपीला चिकटलेले असतील, तर रीस्टार्टला परवानगी हवी, परवानगीला मीटिंग हवी, आणि मीटिंग पुढच्या महिन्यावर जाते. ऑगस्ट २०२० मध्ये झीरोलॉगॉनचा पॅच आला. नेटवर्कच्या आत असलेल्या कुणालाही पासवर्डशिवाय थेट डोमेनचा ताबा घेता येईल असं ते भगदाड होतं. तिथे महिनाभर थांबणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याने ठरवावं.

सर्व्हर निवृत्त करायच्या वेळी तर याहून वाईट. विंडोज सर्व्हर २००८ चा नियमित आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला. तरी असे कंट्रोलर आजही कुठे कुठे चालू आहेत, आणि कारण विचाराल तर उत्तर ठरलेलं : त्या आयपीवर काय काय बांधलंय ते माहीत नाही. मग नवीन सर्व्हर आणायचा, त्याला जुन्याचाच आयपी द्यायचा आणि हुश्श करायचं, हा आमच्याकडचा सर्वमान्य तोडगा आहे. त्याला मायग्रेशन म्हणतात. म्हणजे नियंत्रण हवं म्हणून नेमून दिलं आणि शेवटी सर्व्हरचा पत्ता बदलायचं स्वातंत्र्यही गेलं.

पासवर्डचा मुद्दाही बरेच जण काढतात. एका कंट्रोलरवर पासवर्ड बदलला, दुसऱ्यावर अजून पोचला नाही, माणूस अडकला, म्हणून सगळ्यांना एकाच कंट्रोलरवर ठेवा, असं. यासाठी पीडीसी एम्युलेटर ही भूमिका मुद्दाम ठेवलेली आहे. पासवर्ड कुठेही बदलला तरी तो कंट्रोलर लगोलग पीडीसी एम्युलेटरला कळवतो, आणि दुसऱ्या कंट्रोलरला पासवर्ड चुकीचा वाटला तर तो माणसाला परत पाठवण्याआधी तिथे विचारून घेतो. ही वाट बंद असेल तर कंट्रोलर-कंट्रोलरमधला फायरवॉल तपासा. क्लायंटचा इथे काही संबंध नाही.

फायरवॉलवरून आठवलं, सिक्युरिटीवाल्यांचा आग्रह. त्यांना सगळ्या शाखांमधून सगळ्या कंट्रोलरकडे ८८, ३८९, ४४५ उघडे नको असतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याचंही उत्तर क्लायंटवर नाही. ज्या कंट्रोलरकडे बाहेरच्यांनी येऊच नये त्याला डोमेनभरच्या सर्वसाधारण एसआरव्ही नोंदी करू देऊ नका, फक्त त्याच्या साइटच्या नोंदी राहू द्या. त्यासाठी ग्रुप पॉलिसीत सेटिंग आहे. पीडीसी एम्युलेटरवर भार नको असेल तर त्याचं वजन १०० वरून खाली आणा. जवळचा बंद पडल्यावर क्लायंटने कुठेही न भटकता त्यातल्या त्यात जवळच्या साइटकडे जावं, असं वाटत असेल तर ‘ट्राय नेक्स्ट क्लोजेस्ट साइट’ नावाची पॉलिसी नेमकी त्यासाठीच आहे. क्लायंटला वळण लावायला माझी ना नाही. पण ते सर्व्हरच्या बाजूने, एका जागी लावा, म्हणजे उद्या बदलताना पाचशे पीसींच्या मागे धावावं लागत नाही.

राहता राहिला डीएनएस. ‘आमच्याकडे डीएनएसचा भरवसा नाही हो’ असं म्हणणाऱ्यांच्या क्लायंटवरची आयपी सेटिंग उघडून पाहावी. पहिला डीएनएस कंपनीचा, दुसरा ८.८.८.८. इंटरनेट बंद पडू नये म्हणून कुणीतरी सद्‌भावनेने लिहिलेला. गूगलच्या त्या सर्व्हरला तुमच्या अंतर्गत डोमेनची एकही नोंद ठाऊक नाही. पहिल्याकडून उत्तर यायला एकदा उशीर झाला की विंडोज दुसऱ्याकडे वळतं, तो म्हणतो असं डोमेनच नाही, आणि पीसी म्हणतो डोमेन कंट्रोलर सापडत नाही. डोमेनमधल्या पीसीवर फक्त कंपनीचेच डीएनएस सर्व्हर असावेत. दुसरा हवा असेल तर दुसऱ्या कंट्रोलरचा लिहा, आणि बाहेरची नावं शोधायला त्यांच्यावर फॉरवर्डर लावा.

आता अपवाद. खातं काढणाऱ्या स्क्रिप्टमध्ये सर्व्हर नेमून द्यावा, नव्हे, द्यायलाच हवा. पुण्यातल्या कंट्रोलरवर नवीन माणसाचं खातं काढलं आणि पुढच्या ओळीने त्याला ग्रुपमध्ये घालायला नागपूरचा कंट्रोलर गाठला, तर तिथे ते खातंच नसेल. दोन साइटमधलं रेप्लिकेशन मूळ सेटिंगप्रमाणे १८० मिनिटांनी होतं. म्हणून पॉवरशेलच्या प्रत्येक ओळीत एकच सर्व्हर लिहा. तो स्क्रिप्टच्या सुरुवातीला शोधून काढा, हाताने टंकू नका. नवा कंट्रोलर सेवेत घेण्याआधी एखाद-दुसरा पीसी त्याच्याकडे वळवून पाहणं, किंवा बिघाड शोधताना तात्पुरतं तसं करणं, हेही रास्त. काम झालं की ते काढून टाकायचं, आणि आपल्याकडे राहून जातं ते नेमकं हेच.

तिसरा अपवाद नाइलाजाचा. स्कॅनर, एनएएस, फायरवॉल अशा पेटीच्या वेब पानावर एलडॅप सर्व्हरसाठी एकच चौकट असते आणि तिला एसआरव्ही नोंद समजत नाही. तिथे काहीतरी लिहावंच लागतं. पण आयपी लिहू नका. आयपी लिहिला की एलडॅपएसच्या सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही, मग कुणीतरी खालच्या ‘सर्टिफिकेट तपासा’ या चौकोनातली खूण काढून टाकतो, आणि ती पुन्हा कधीच लागत नाही. तिथे बाइंडसाठी दिलेल्या खात्याचा पासवर्ड त्या दिवसापासून, मध्ये कोण बसलंय हे न विचारता, नेटवर्कवरून जातो. विंडोजमध्येही सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी दिला की केर्बेरोस सहसा बाजूला पडतं आणि जुनं एनटीएलएम पुढे येतं. पेटीत दोन चौकटी असतील तर दोन वेगवेगळ्या कंट्रोलरची पूर्ण नावं लिहा. एकच असेल तर डोमेनचं नाव लिहून पाहा. केर्बेरोस ऑथेंटिकेशन या टेम्प्लेटवरून काढलेल्या सर्टिफिकेटमध्ये डोमेनचं नावही असतं. त्यात लांबचा कंट्रोलर हाती लागू शकतो, हे खरं. पण सही तपासायला दोन-चार मिलिसेकंद जास्त लागले तर स्कॅनरचं काही बिघडत नाही. लिनक्सवर एसएसएसडी असेल तर तेवढीही सबब नाही. त्याला एसआरव्ही नोंदी वाचता येतात आणि आपली साइटही शोधता येते. सर्व्हरचं नाव लिहिण्याची ओळ काढून टाका, तो आपलं पाहून घेईल.

तेव्हा पुढचं ‘लॉगिन स्लो’चं तिकीट आलं की क्लायंटला हात लावण्याआधी कंट्रोलरवरची नेटलॉगॉन लॉग उघडा, अनाथ आयपी गोळा करा आणि सबनेटं लिहून टाका. नेटवर्कवाल्यांशी एवढं ठरवून घ्या की नवा व्हीलॅन काढण्याच्या फॉर्मवर ‘साइटला जोडला का’ अशी एक ओळ असेल. आणि वर सांगितलेले तीन अपवाद सोडून कुठल्याही क्लायंटवर कंट्रोलरचा पत्ता हाताने लिहिलेला सापडला, तर तो दोष समजून त्याचं वेगळं तिकीट काढा.